न जेवणाऱ्या मुलांची बाई

माझं काम नेमकं काय होतं, हे मी माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटवून देऊ शकले नाही. "मूल जेवत नाही म्हणून ही माणसं त्याला दवाखान्यात नेतात? आणि तिथे तू बसलेली असतेस?" असं त्या दर फोनला विचारायच्या. मी हो म्हटलं की म्हणायच्या, "बरं आहे बाई. आमच्याकडे हे काम शेजारीण करायची."

न्युरेम्बर्गच्या एका मुलांच्या केंद्रात मी वीसहून जास्त वर्षं आहारतज्ज्ञ होते. साखरेचा आजार असलेली मुलं, गव्हाची ॲलर्जी असलेली मुलं दुसऱ्यांकडे जायची. माझ्या वाट्याला यायची ती एक ते सहा वर्षांची, न जेवणारी. किंवा आईबाप म्हणतात म्हणून न जेवणारी. या दोन वाक्यांत जो फरक आहे तो ओळखायचा, एवढंच माझं काम. या वर्षी मी निवृत्त झाले आणि लगेच या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, की अनुभव लिहा. मी "नको हो, मला कुठे लिहिता येतं," असं कळवलं. त्यांनी दोनदा आग्रह केला, म्हणून लिहिते आहे. हा आग्रहाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात ओळखायचं काय? मूल खातं नाहीतर खात नाही. इतकं सोपं असतं तर मला कुणी खुर्ची दिली नसती. दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास बहुतेक मुलांना शोध लागतो की आपल्यालाही मत आहे. कालपर्यंत गाजर खाणारं पोर आज गाजर बघून तोंड फिरवतं. हे नखरे. ते येतात आणि बहुतेकदा जातात. मी तीन गोष्टी बघायची. पहिली म्हणजे वाढीची रेघ. इथे प्रत्येक मुलाची एक पिवळी वही असते, तिच्यात तपासणीगणिक वजन-उंची मांडलेली असते. रेघ आपल्या चालीने वर चाललेली असेल तर मी निम्मी निश्चिंत. दुसरी म्हणजे यादी. मूल जे जे खातं ते सगळं आईबापांनी आठवडाभर लिहून आणायचं, त्याला एसप्रोटोकोल म्हणतात. यादी छोटी असली तरी बिघडत नाही. पण ती महिन्यागणिक आटत चालली असेल, गेलेला पदार्थ परत येत नसेल, तर मी खुर्ची पुढे ओढायची. आणि तिसरी म्हणजे ताटासमोरचा चेहरा. नखरे करणारं मूल सौदा करतं, हसतं, आईचा अंत बघतं. ज्याला खरोखर जमत नाही ते घाबरतं. घास जवळ आला तरी त्याला उमासे येतात, अंग चोरून बसतं. अशा पोराला हट्टी म्हणणं हा अन्याय आहे, आणि सुरुवातीच्या काळात मीही तो केलेला आहे.

चौथी गोष्ट मी उशिरा शिकले. मूल एका ठिकाणी जेवत असेल आणि दुसऱ्या ठिकाणी जेवत नसेल, तर मुलाला तपासू नका, ते ठिकाण तपासा. हे वाक्य मी शिकायला येणाऱ्या मुलींकडून पाठ करून घ्यायची. मुक्ताच्या वेळी मी स्वतःच ते विसरले, आणि त्याची टोचणी अजून आहे.

पण मुक्ताकडे यायच्या आधी, माझ्या खोलीत कसली कसली माणसं यायची ते सांगते, म्हणजे कल्पना येईल.

एक इंजिनियर बाप आला होता. जर्मन, उंचापुरा, हातात रंगीत तक्ता. मुलगा हिरवं काहीही खात नाही, अशी तक्रार. तक्त्यात सगळ्या हिरव्या रंगाच्या छटा पाडलेल्या, पोपटीपासून शेवाळीपर्यंत, आणि प्रत्येकीपुढे मुलाचा प्रतिसाद. मी म्हटलं, तक्ता राहू दे, तुम्ही दोघं माझ्यासमोर जेवा. आमच्याकडे एक छोटं टेबल होतं, तिथे मी कोपऱ्यात बसून बघायची. जेवणात बटाटे होते, वर चिरलेली पार्सली भुरभुरलेली. हा बाप मला हिरव्या भाजीचं महत्त्व समजावून सांगत होता, आणि सांगता सांगता काट्याच्या टोकाने आपल्या बटाट्यांवरची पार्सली एकेक करून ताटाच्या कडेला लावत होता. एक कण राहू दिला नाही. समोर पोरगा अगदी तस्सं करत होता, फक्त बापाइतकी सफाई नव्हती. मी बापाच्या ताटाकडे बघत राहिले. त्यानेही पाहिलं. "आल्झो," तो म्हणाला, म्हणजे आपल्याकडचं 'तर मग'. तक्ता घडी करून खिशात घातला आणि दोघं गेले.

दुसरं जोडपं पुण्याचं, दोघंही सॉफ्टवेअरमधली. त्यांचा एसप्रोटोकोल मी अजून विसरलेले नाही. सोमवार, सकाळ: काही नाही. दुपार: काही नाही. रात्र: दोन घास. मंगळवारही तसाच, बुधवारही तसाच. आणि ज्याच्याबद्दल हे लिहिलं होतं तो तीन वर्षांचा गृहस्थ गालांचे फुगे घेऊन समोर बसलेला. आई रडकुंडीला आलेली. आमचं बोलणं होईपर्यंत त्याने एक केळं, एक अख्खं ब्रेत्सेल (इथला वेटोळ्याचा खारा पाव), चीजचे चार तुकडे आणि डबाभर द्राक्षं संपवली. मी विचारलं, "अहो, हे काय चाललंय मग?" आई म्हणाली, "ताई, हे काय जेवण आहे का? हा तर खाऊ." वरण-भात आणि पोळी-भाजी सोडून पोटात गेलेलं काहीही त्यांच्या वहीत चढत नव्हतं. मी डोक्याला हात लावला. तो आठवडा पुन्हा लिहायला लावला, तेव्हा वही पुरली नाही.

असं सगळं. खरं चिवट दुखणं असलेली मुलंही यायची, त्यांच्याविषयी मी इथे लिहिणार नाही. ती मोठी होत आहेत, त्यांची गोष्ट त्यांची आहे.

तर मुक्ता. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. वय वर्षं चार, दोन वेण्या, बोलके डोळे. आई रेणुका इथल्या एका कंपनीत नुकतीच लागली होती आणि तिचा प्रोबेत्साइट चालू होता. प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीचे पहिले सहा महिने. त्या काळात पटलं नाही तर कंपनी फार कारणं न देता घरी पाठवू शकते. नवरा कोलोनला, शुक्रवारी संध्याकाळी घरी येणार आणि रविवारी परत जाणार. घरात तिसरं माणूस म्हणजे मुक्ताची आजी. साताऱ्याकडच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या, पण मुक्तामुळे मीही त्यांना आजीच म्हणत होते.

मुक्ता पाच आठवड्यांपूर्वी किटात जायला लागली होती. किटा म्हणजे इथली बालवाडी, पण दिवसभराची, दुपारच्या जेवणासकट. आणि या पाच आठवड्यांत मुक्ताने किटात दुपारी एक घासही खाल्ला नव्हता. पाणी प्यायची आणि बसायची. दोन वाजले की मलूल, तीन वाजले की रडू. किटाच्या प्रमुख फ्राऊ लिंडनर, म्हणजे आपल्याकडच्या लिंडनरबाई, भल्या होत्या, त्या घाबरल्या. त्यांनी रेणुकाला सांगितलं की डॉक्टरांकडून काही कळेपर्यंत मुलीला जेवणाआधी, साडेअकराला घरी न्या. सध्या आजी न्यायच्या. पण आजींचं परतीचं विमान तीन आठवड्यांवर आलं होतं.

"आई गेल्या की साडेअकराला मलाच यावं लागेल, ताई," रेणुका म्हणाली. "माझ्या टीमची रोजची मीटिंग अकराला असते. बॉस चांगले आहेत, पण दोनदा म्हणाले, लवकर काहीतरी बघ. ही नोकरी मिळायला मला दीड वर्ष लागलं हो." तिने डोळे पुसले आणि लगेच पुसल्याबद्दल सॉरी म्हणाली.

मी पिवळी वही पाहिली. रेघ छान. एसप्रोटोकोल पाहिला, त्यावर तर मला विश्वासच बसेना. पालेभाजी, उसळ, ताक, भाकरी, आणि मंगळवारी चक्क कारल्याची भाजी, पुढे कंसात 'परत मागितली'. नोकरीच्या आयुष्यात कारलं परत मागणारं चार वर्षांचं मूल मी दुसरं पाहिलेलं नाही. इथेच मला कळायला हवं होतं. पण मी फार हुशार! मी निदान ठोकलं, की मुलीला घरचं चालतं, जर्मन जेवण चालत नाही. नवा वास, नवा पोत, म्हणून भीती. फ्राऊ होल्त्सर आमच्या विभागाच्या सेक्रेटरी. आमचे सगळे अहवाल आम्ही बोलायचो आणि त्या टाइप करायच्या. मी खड्या आवाजात सांगितलं, "अनोळखी अन्नाबाबत निवडक खाणारी बालिका." फ्राऊ होल्त्सरने टाइप केलं, मी सही केली. अहवाल किटात गेला आणि साडेअकराची वेळ पक्की झाली. चार ओळींत मी एका बाईच्या नोकरीवर गदा आणली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

उपाय म्हणून मी सांगितलं, की किटाचा आठवड्याचा मेन्यू आणा आणि तोच घरी करा, म्हणजे हळूहळू ओळख होईल. आजींनी ते काम शिरावर घेतलं. शिक्षिकाच त्या, अर्धवट काही करणं माहीत नाही. सोमवारी कुस्करलेले बटाटे आणि पालक. मंगळवारी मसुरीचं सूप, त्यात शेवया. बुधवारी कायझरश्मार्न, म्हणजे गोड धिरडं करून त्याचे तुकडे करायचे आणि सफरचंदाच्या गराबरोबर खायचे. आजींनी त्यात वेलदोडा घातला आणि मला फोन करून सांगितलं, "यांना वेलदोडा कुणी सांगितला नाही वाटतं. फिक्कं लागत होतं बिचारं." मुक्ताने सोमवार खाल्ला, मंगळवार खाल्ला, बुधवारचं दोनदा घेतलं. त्या आठवड्यात किटाने तिला दोन दिवस जेवणापर्यंत ठेवून पाहिलं. तोच कायझरश्मार्न समोर आला, आणि मुक्ता पाणी पिऊन बसली.

माझी झोप उडाली. आजींच्या विमानाला बारा दिवस राहिले होते. रेणुका आता फोनवर रडतही नव्हती, नुसतं "हो ताई, बघते ताई" म्हणायची, आणि ते मला जास्त लागायचं. संध्याकाळी आमच्या ह्यांच्यासमोर सगळं मांडलं. हे आयुष्यभर मशीन दुरुस्त करत आलेले. म्हणाले, "मशीन घरी चालतं आणि कारखान्यात चालत नाही, तर तू मशीन का उघडून बसलीस?" माझंच वाक्य, मुलींकडून पाठ करून घेतलेलं! मी इतकी चिडले की ह्यांना कॉफी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी किटात गेले. आमच्या कामाचा नियम असा, की मुलाकडे टक लावून बघायचं नाही, पाहुण्यासारखं टेबलावर बसायचं आणि जेवायचं. गुडघे कानाला लागतील अशी ती बुटकी खुर्ची, सहा मुलं, मी, आणि माझ्या शेजारी मुक्ता. सकाळी सहाच्या चहानंतर माझ्या पोटात काही नव्हतं. फिशस्टिक, कुस्करलेले बटाटे आणि पालक, तिन्हींचा वास खोलीभर सुटला होता. पोटात कावळे कोकलत होते.

तिथली पद्धत अशी. मोठं भांडं टेबलावर फिरतं. ज्याच्या हातात असेल तो शेजाऱ्याला विचारतो, "तुला हवंय?" तो "जा", म्हणजे जर्मनमध्ये हो, म्हणाला तर स्वतः वाढून घेतो आणि भांडं पुढे देतो. भांडं एका सोनेरी केसांच्या पोराकडून मुक्ताकडे आलं.

"तुला हवंय?"

"नाइन, डांके," मुक्ता म्हणाली. म्हणजे नको, धन्यवाद. आवाज गोड, मान किंचित खाली, हात मांडीवर.

"ओके," पोरगा म्हणाला आणि भांडं तिच्या डोक्यावरून माझ्यापुढे धरलं. "तुम्हाला हवंय?"

"नाइन, डांके," मी म्हणाले.

भांडं गेलं. अहो, मला भूक लागली होती! मी तिथे जेवायलाच बसले होते! तोंडातून ते कसं निघालं मला कळलं नाही, आणि टेबलाच्या पलीकडे पोचलेल्या भांड्याकडे मी बघतच राहिले. तेवढ्यात जाणवलं की शेजारून कुणीतरी माझ्याकडे बघतंय. मुक्ता. तिच्या डोळ्यांत एकदम ओळख आली होती. ती माझ्याकडे झुकली आणि मराठीत कुजबुजली, "आता ते परत विचारतात का?"

पाच आठवडे! पोरगी पाच आठवडे दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसली होती.

"घरी कोण परत विचारतं गं?" मी हळूच विचारलं.

"आजी. तीनदा. मग थोडंसंच घ्यायचं," ती म्हणाली. मग मोठ्या माणसासारखं, "हे लोक विसरतात."

त्याच दुपारी मी रेणुकाच्या घरी गेले. "आजी, तुम्ही मुक्ताला काही शिकवलंय का?" असं विचारलं तर आजींचा चेहरा उजळला. "मग! किटात जायच्या आधी पंधरा दिवस. चार लोकांत जाणार, तर वळण नको?" त्यांनी भातुकलीचा डबा काढला आणि मला प्रात्यक्षिक दाखवलं. बाहुली यजमानीण, मुक्ता पाहुणी. घ्या ना, नको. घ्या हो थोडं, नको नको, पोट भरलंय. माझी शपथ आहे, बरं, अगदी थोडंसं. एका खेळण्यातल्या बशीसाठी नातीने पाठ म्हणून दाखवलं, एक शब्द चुकला नाही. आजी कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या.

मला हसावं की रडावं कळेना. कारण हे मलाही असंच शिकवलं होतं. माझे बाबा अकोल्याला पोस्टात होते. कुणाकडे निघालो की दारातच थांबवून सांगायचे, "समोर आलं की लगेच हात घालायचा नाही. आपण खायला आलो नाही, भेटायला आलो आहोत, हे त्यांना दिसलं पाहिजे." ज्यांच्या आज्या-पणज्यांना लोकांनी लांबूनच वाढलं, त्यांच्या घरात या वाक्याला फार वजन असतं. आजींकडे ती रीत होती, आमच्याकडे तो स्वाभिमान होता. पण किटाच्या टेबलावर दोन्हींचा अर्थ एकच, की हिला नको आहे.

आजींना मी सगळं सांगितलं. त्या आधी रागावल्या. "चार वर्षांच्या लेकराला एकदाच विचारतात? आणि नको म्हटलं तर खरंच वाढत नाहीत?" मग हळूहळू उमजलं, तशा खाली बसल्या. "म्हणजे माझी नात माझ्यामुळे उपाशी राहिली?" त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडू लागल्या. मुक्ता त्यांच्या मांडीवर चढून त्यांना भातुकलीतली बशी देऊ लागली. मीही रडले, लपवण्यात काय अर्थ आहे? कारण चुकीचा अहवाल आजींनी लिहिला नव्हता, मी लिहिला होता.

पुढची पायरी फ्राऊ लिंडनर. आजी म्हणाल्या मी येते, मला बोलायचंय. मी मध्ये दुभाषी. असा संवाद मी पुन्हा करणार नाही.

"त्यांना म्हणावं, फक्त दोनदा जास्त विचारा. जास्त काही नाही," आजी म्हणाल्या.

फ्राऊ लिंडनर ताठ झाल्या. "आमच्याकडे मुलाच्या नकाराचा मान राखतात. नको म्हणजे नको. मूल नको म्हणालं तरी तुम्ही वाढणार?"

मी भाषांतर केलं. आजींच्या तोंडाचा आ झाला. "विचारा त्यांना, मूल नको म्हणालं म्हणून तुम्ही त्याला उपाशी ठेवणार?"

मी भाषांतर केलं. दोघी भल्या बायका एकमेकींकडे अशा बघू लागल्या, जणू समोर कुणी निर्दय माणूस बसला आहे. दोघींचं खरं होतं, तीच तर पंचाईत. 'नको म्हणजे नको' हे मुलींना लहानपणी शिकवणाऱ्या देशाला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? शेवटी मी म्हटलं, "फ्राऊ लिंडनर, तुमचा नियम बदलू नका. आजींना एक दिवस टेबलावर जेवायला बसू द्या." त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "गेनाऊ." अगदी बरोबर.

आणि आजी बसल्या. नऊवारी नव्हे, पण इस्त्रीची साडी, वर स्वेटर, बुटक्या खुर्चीत. मुक्ता शेजारी. मी भिंतीला टेकून उभी. भांडं फिरत आलं. सोनेरी केसांच्या पोराने आजींपुढे धरलं. "तुम्हाला हवंय?"

अडुसष्ट वर्षांत त्या बाईने पहिल्या फटक्यात कधी हो म्हटलं नव्हतं. लग्नात नाही, डोहाळजेवणात नाही. ओठ हलले, 'ना'पर्यंत आले. आजींनी मान वर केली आणि वर्गात हजेरी घ्यावी अशा आवाजात म्हणाल्या, "जा, बिट्टं!" हो, कृपया.

मुक्ता खुर्चीतून अर्धी उठली. "आजी! लगेच?"

"लगेच," आजी म्हणाल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "इथे लगेच घ्यायचं असतं, राणी. इथली रीतच तशी आहे. मला माहीत नव्हतं, म्हणून चुकीचं शिकवलं."

भांडं मुक्ताकडे आलं. तिने आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी भांडं धरलं आणि म्हणाली, "जा." बिट्टं म्हणायला थांबलीच नाही. पाच आठवड्यांचा हिशेब तिने एका ताटात चुकता केला. शेवटी फ्राऊ लिंडनर हळूच मला विचारत होत्या, की आता थांबवायचं कसं.

आजींचं विमान सुटायच्या चार दिवस आधी मुक्ता पूर्ण दिवस किटात राहू लागली. रेणुका नोकरीत कायम झाली, तिने पेढे आणले. मी नवा अहवाल दिला. फॉर्मवर निदानाचा रकाना असतो, तो रिकामा ठेवता येत नाही. मी बराच वेळ विचार करून फ्राऊ होल्त्सरला सांगितलं, "लिहा, बालिका निवडक खाणारी नाही. आधीचं निदान माझी चूक होती. बालिका सुसंस्कृत आहे." त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलले. "हा आजार आहे का?" मग मी त्यांना सगळी पद्धत नीट समजावून सांगितली. पहिलं नको, दुसरं नको, तिसऱ्याला थोडंसं. त्यांनी तेही टाइप केलं.

त्या दिवशी घरी जाताना मला बसमध्ये केक आठवला. आमच्या विभागात कुणाचाही वाढदिवस असला की फ्राऊ होल्त्सर घरून केक करून आणायच्या. मी लागले त्या पहिल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं होतं, "केक घेणार?" मी म्हटलं होतं, "नाइन, डांके." आणि वाट बघितली होती. त्या पुढे गेल्या. पुढच्या वाढदिवसाला त्यांनी माझ्यासाठी बशीत सफरचंदाच्या फोडी आणल्या. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं केक सगळ्यांना आणि सफरचंद मला. मी ते खात आले आणि मनात म्हणत आले, की या लोकांना द्यायचंच नसतं, नुसती रीत म्हणून विचारतात, कोरडी माणसं. किती वर्षं मी असं म्हणत होते! पण बावीस वर्षांनंतर जाऊन कसं सांगायचं, की बाई, मला केक आवडतो? चार वर्षांच्या पोरीला शिकवलं ते मला स्वतःला जमेना. पुढचे तीन वाढदिवस मी सफरचंदच खाल्लं.

मग माझा निरोपाचा दिवस आला. आलुबुखाऱ्यांचा मोठा थोरला केक, वर खमंग चुरा, खोलीभर दालचिनीचा वास. फ्राऊ होल्त्सरने सगळ्यांना तुकडे दिले आणि माझ्यापुढे बशी ठेवली. सफरचंद, पण या वेळी त्यांनी प्रत्येक फोडीचं पान कोरलं होतं. त्यात त्यांची सकाळ गेली असणार. ते बघून माझा बांध फुटला.

"फ्राऊ होल्त्सर," मी म्हणाले, "मला केक हवाय."

त्यांच्या हातातली सुरी थांबली. "तुम्हाला केक आवडत नाही."

"आवडतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

फ्राऊ होल्त्सरचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "बावीस वर्षं मी सफरचंद चिरतेय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, हिला माझ्या हातचं आवडत नाही." त्यांनी एक तुकडा कापून माझ्या प्लेटमध्ये ठेवला आणि समोर उभ्या राहिल्या. मी खाल्ला. आंबटगोड, मऊ, आणि इतकी वर्षं बाजूच्या टेबलावर होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, तशीच खात होते.

प्लेट रिकामी झाली. "अजून एक?" त्यांनी विचारलं.

"नाइन, डांके," माझं तोंड म्हणालं.

मी जीभ चावली, पण शब्द गेला होता. फ्राऊ होल्त्सर मात्र हलल्या नाहीत. सुरी हातात तशीच, डोळे माझ्यावर. माझे सगळे अहवाल त्यांनीच टाइप केले होते.

"हे पहिलं झालं," त्या म्हणाल्या. "अजून एक?"

मी प्लेट पुढे केली.